रानपिंगळ्याची एकशे तेरा वर्षे



इतिहासाच्या व्याख्यानाला आपण जमलात आणि वक्ता एका घुबडाची कथा सांगणार आहे, हे कळल्यावर काही जणांचा हिरमोड होणे साहजिक आहे. वाघोलीच्या भूमीत उभे राहून इतिहास सांगायचा तर पिलाजीराव जाधवरावांचा सांगावा, वाघेश्वराच्या देवळाचा सांगावा, अशी आपली अपेक्षा असणार, आणि ती योग्यच आहे. परंतु इतिहास म्हणजे केवळ लढाया आणि सनदा नव्हेत. एखादी गोष्ट कोणी पाहिली, कोठे पाहिली, कशी लिहून ठेवली आणि मागाहून कोणी ती खोटी केली, हाही इतिहासच आहे. आजची कथा अशा एका नोंदीची आहे. तिचा नायक वीतभर उंचीचा आहे, खलनायक मात्र चांगला सहा फुटी इंग्रज कर्नल आहे. त्यामुळे कथानकात रस कमी पडणार नाही, एवढी हमी मी देतो.

आरंभी एक शब्द समजून घेऊ. काही प्राणी साऱ्या जगात पसरलेले असतात. कावळा आणि उंदीर जेथे जाल तेथे भेटतात. काही प्राणी मात्र एकाच मुलखाचे असतात, त्या मुलखाबाहेर पृथ्वीच्या पाठीवर ते कोठेही नसतात. शास्त्रज्ञ त्यांना प्रदेशनिष्ठ म्हणतात. असे प्राणी मुख्यतः बेटांवर आढळतात, कारण सभोवार समुद्र असल्यामुळे येणेजाणे खुंटते आणि हजारो वर्षांत त्या त्या बेटाचा प्राणी आपला वेगळा साज धारण करतो. पॅसिफिक महासागरातील फिजीचे उदाहरण घ्या. १८७९ पासून आपले गिरमिटिये मजूर उसाच्या मळ्यांसाठी जेथे नेले गेले, तोच हा देश. तेथील गाऊ बेटावर १८५५ साली इंग्रजांच्या एका जहाजावरील लोकांनी एक काळा समुद्रपक्षी पकडला. तो जगातील त्या जातीचा एकुलता एक नमुना म्हणून लंडनच्या संग्रहालयात पडून राहिला. जिवंत पक्षी पुन्हा हाती आला तो १९८४ साली, म्हणजे एकशे एकोणतीस वर्षांनी! याच फिजीत उसातले उंदीर मारण्यासाठी १८८३ साली आपल्याकडचे मुंगूस नेऊन सोडले. मुंगसाने उंदीर खाल्ले असतील, पण जमिनीवर घरटी करणारी पाखरेही खाल्ली. ज्या प्राण्याला दुसरे घर नाही, त्याच्या एकुलत्या एक घरात पाहुणा घुसला की काय होते, याचा हा धडा आहे.

आपल्याला वाटेल, बेटांवरच्या या गोष्टी आम्हा देशावरच्यांना कशाला? आमच्या भोवती समुद्र कोठे आहे? परंतु बेट पाण्यानेच घडते असे नाही. ज्वारी-बाजरीच्या शेतांनी आणि गावांनी वेढलेला सागाच्या जंगलाचा तुकडा, हेही त्यात राहणाऱ्या जिवाच्या दृष्टीने बेटच होय. सातपुड्याच्या पायथ्याशी असे तुकडे आहेत, आणि त्यांत आजचा नायक, रानपिंगळा, राहतो. तो मध्य आणि पश्चिम भारताच्या काही भागांतच आढळतो; भारताबाहेर जगात कोठेही नाही.

साधा पिंगळा आपल्या ओळखीचा आहे. गावच्या वडाच्या ढोलीत, पडक्या वाड्याच्या भिंतीत तो जोडीने राहतो आणि तिन्हीसांजेला चिरचिर आवाज काढून भांडल्यासारखा बोलतो. पहाट होण्याआधीच्या घटकेला आपण पिंगळावेळ म्हणतो. त्या वेळी कुडमुडे वाजवीत दारोदार भविष्य सांगत फिरणाऱ्या भिक्षेकऱ्यालाही पिंगळाच म्हणतात, कारण पाखराची बोली त्याला उमगते अशी लोकांची समजूत. संतांनी त्याच्या तोंडी रूपके घातली. म्हणजे या लहानग्या घुबडाला मराठी माणसाने भाषेत जागा दिली आहे. रानपिंगळा त्याचा चुलतभाऊ. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ एकरंगी, करड्या तपकिरी वर्णाचे असते. त्याचे डोके आणि चोच मोठी, आणि पाय तर इतके दणकट व पांढऱ्या पिसांनी भरलेले, की जणू लोकरी मोजे घातले आहेत. आणि सर्वांत नवलाची गोष्ट म्हणजे हे घुबड दिवसा शिकार करते. सकाळच्या उन्हात निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर बसून ते खालचे सरडे, उंदीर आणि नाकतोडे टिपते. ही दिवसाची सवय ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता इतिहासाकडे वळू. १८७२ सालच्या डिसेंबरात, आजच्या छत्तीसगडमध्ये मोडणाऱ्या बसना-फुलझर भागात, ब्लूइट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने एक घुबड मारले आणि त्याचे कातडे ह्यूमसाहेबांकडे पाठवले. हे ह्यूम म्हणजे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. १८८५ साली राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच हे ह्यूम. त्या सभेचे पहिले अधिवेशन पुण्यातच भरायचे होते. कॉलऱ्याची साथ आली म्हणून ते मुंबईला गेले, हे आपणांस ठाऊक असेल. राजकारणातील ह्यूम आपण शाळेत शिकतो, पण पक्षिशास्त्रातील ह्यूम आपल्याला कोणी शिकवीत नाही. त्या काळी हिंदुस्थानातील पक्ष्यांचा त्यांच्याएवढा जाणकार दुसरा नव्हता. देशभरचे अधिकारी त्यांना कातडी पाठवीत, आणि स्वतःच्या नियतकालिकातून ते त्यांची वर्णने छापीत. ब्लूइटचे घुबड पाहताच हे काही वेगळे आहे असे त्यांनी ओळखले आणि १८७३ साली त्याला ब्लूइटचे नाव देऊन शास्त्रात दाखल केले.

१८७७ साली भूगर्भखात्यातील व्हॅलेंटाइन बॉल यांना खरियारच्या बाजूस आणखी एक मिळाले. त्यानंतर नाव येते ते आपल्या खानदेशचे. जेम्स डेव्हिडसन हा सनदी अधिकारी १८८० च्या सुमारास खानदेशात होता. सरकारी दौऱ्यावर असताना पक्षी आणि घरटी गोळा करण्याचा त्याला नाद. शहादे-तळोद्याकडील सातपुड्याच्या पायथ्याच्या जंगलात त्याने ही घुबडे मिळवली. १८७२ ते १८८४ या बारा वर्षांत सर्वांनी मिळून गोळा केलेली कातडी अवघी सात. आणि १८८४ नंतर? काही नाही. रानपिंगळा जणू जमिनीने गिळला.

असे का व्हावे? एक कारण स्पष्ट आहे. तो काळ जंगले तुटण्याचा होता. तापीच्या खोऱ्यातली सुपीक काळी जमीन नांगराखाली येत होती, आणि सपाटीवरचे सागवन डोंगराकडे मागे हटत होते. दुसरे कारण म्हणजे पाहणारेच उरले नाहीत. ह्यूमसाहेबांच्या शिमल्याच्या घरातून त्यांच्या आयुष्यभराच्या लेखनाची हस्तलिखिते कोणा नोकराने बाजारात रद्दी म्हणून विकली. वर्षानुवर्षांचे कष्ट पुड्या बांधण्याच्या कामी आले! त्या धक्क्याने त्यांचे मन या विषयावरून उडाले आणि १८८५ साली त्यांचा ऐंशी हजारांच्या वर नमुन्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमला गेला. पक्षिशास्त्राचे जे नुकसान झाले ते राष्ट्रीय सभेच्या पथ्यावर पडले असे कोणी म्हणेल; पण रद्दीवाल्याच्या तागडीत गेलेले कागद काही परत आले नाहीत.

येथे खलनायकाचा प्रवेश होतो. कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन. जन्म १८७८, मृत्यू १९६७. सैनिक, हेर, शिकारी, दैनंदिनीकार आणि नामवंत पक्षितज्ज्ञ. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, पॅलेस्टाईनच्या आघाडीवर खोट्या कागदांची पिशवी मुद्दाम तुर्कांच्या हाती पडू देऊन त्यांना चकवल्याची कथा त्याच्या नावावर प्रसिद्ध होती. त्या कथेतील त्याचा खरा वाटा किती, याविषयीही पुढे अभ्यासकांनी शंका घेतली. १९५४ साली त्याने आपला सुमारे वीस हजार पक्ष्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमला भेट दिला. त्या संग्रहात रानपिंगळ्याचे एक कातडे होते. चिठ्ठीवर लिहिले होते : मांडवी, तापी नदी, १९१४.

श्रोतेहो, या एका चिठ्ठीचे महत्त्व लक्षात घ्या. १८८४ नंतर हा पक्षी कोणी पाहिला नव्हता. आता एक प्रतिष्ठित गृहस्थ सांगत होता की तीस वर्षांनी तो गुजरातेत तापीकाठी मला मिळाला. ही शेवटची, म्हणून सर्वांत मोलाची नोंद ठरली. ती ग्रंथांत गेली. ग्रंथांतून नकाशांत गेली. १९७० च्या दशकात डॉ. सलीम अली आणि अमेरिकन पक्षितज्ज्ञ डिलन रिप्ले यांनी या घुबडाचा शोध चालवला, पण हाती काही आले नाही. मधूनमधून कोणी छायाचित्र पुढे करी. पाहावे तो ठिपकेदार डोक्याचा साधा पिंगळा! हळूहळू जाणकारांनी मनात त्याचे श्राद्ध घातले. पक्षी संपला असावा, असे म्हणून लोक गप्प बसले.

खोटी नोंद नुसती निरुपयोगी नसते, ती दिशाभूल करणारी असते. मोकळी जागा असलेला नकाशा मनुष्याला शोधायला लावतो. चुकीची खूण असलेला नकाशा त्याला चुकीच्या रानात फिरवतो, आणि तेथे काही मिळाले नाही की तो समजतो, आता शोधण्यासारखे उरलेच नाही.

१९९० च्या दशकात डॉ. पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषी रिप्ले यांच्यासमवेत दक्षिण आशियातील पक्ष्यांवर एक मोठा ग्रंथ तयार करीत होत्या. त्यासाठी त्यांना संग्रहालयांतील हजारो कातडी पाहावी लागत. १९९३ साली ॲलन नॉक्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने माइनर्ट्‌झहागेनच्या काही नमुन्यांवरील माहिती खोटी असल्याचे दाखवून दिले होते. मनुष्य एकदा खोटे बोलताना सापडला की त्याच्या बाकीच्या बोलण्याकडेही वेगळ्या नजरेने पाहावे लागते. रासमुसेनबाई आणि त्यांचे सहकारी नायजेल कॉलर यांनी तापीकाठच्या त्या कातड्याची झडती घेतली.

ही झडती म्हणजे एखाद्या गुन्ह्याच्या तपासासारखीच होती. पक्ष्याचे कातडे भरण्याची प्रत्येकाची हातोटी निराळी असते. शिंप्याची शिलाई दुसरा शिंपी ओळखतो, तसेच हे आहे. डेव्हिडसन पंखाच्या सांध्याजवळची चरबी नीट काढीत नसे; ती कालांतराने पिवळी पडे. माइनर्ट्‌झहागेनच्या म्हणून दाखवलेल्या पक्ष्यातही तीच पिवळी चरबी. क्ष-किरणांनी आतली घडण पाहिली, तर पक्षी एकदा भरलेला, उसवलेला आणि पुन्हा भरलेला दिसला. आतील कापसाचे धागे अमेरिकेच्या एफ.बी.आय. या तपाससंस्थेच्या प्रयोगशाळेत तपासले. निष्कर्ष निघाला तो असा : १९१४ साली मांडवीस कोणताही पक्षी मिळालेला नव्हता. डेव्हिडसनने खानदेशात मिळवलेल्या घुबडांपैकीच एक या कर्नलने म्युझियममधून लांबवले, त्याची शिवण बदलली, त्याला नवी चिठ्ठी बांधली आणि आपल्या नावावर खपवले. संग्रहालयातून नमुने उचलल्याच्या संशयावरून म्युझियमने त्याला पूर्वी काही काळ दालनात यायला बंदीही केली होती. ही सारी हकीकत १९९९ साली पुराव्यासह प्रसिद्ध झाली.

परंतु त्याआधीच या संशयाला फळ आले होते. मांडवीची नोंद खोटी, मग खऱ्या नोंदी कोणत्या? ब्लूइटची, बॉलची आणि डेव्हिडसनची. १९९७ च्या नोव्हेंबरात रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे हिंदुस्थानात आले. प्रथम ते पूर्वेकडच्या जुन्या ठिकाणी गेले. तेथे निराशा झाली. मग त्यांनी डेव्हिडसनच्या चिठ्ठ्यांवरील गाव गाठले, शहादे. नंदुरबार जिल्हा तेव्हा व्हायचा होता. शहादे धुळे जिल्ह्यात होते. २५ नोव्हेंबरच्या सकाळी, चांगले उजाडल्यावर, पायथ्याच्या विरळ रानात एका उघड्या फांदीवर एक घुबड बसलेले दिसले. डोक्यावर ठिपके नाहीत. पाय जाडजूड, पांढरे. पाहणाऱ्यांच्या हातांना कंप सुटला असेल तर नवल नाही. एकशे तेरा वर्षे ज्याला कोणी पाहिले नव्हते, तो पक्षी भर उन्हात निवांत बसला होता.

कोणी पाहिले नव्हते, असे मी म्हटले; ते चुकीचे आहे, आणि ती चूक येथेच दुरुस्त केली पाहिजे. पुस्तके लिहिणाऱ्यांनी पाहिले नव्हते. त्या रानात भिल्ल आणि पावरा लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. गुरे चारणाऱ्या, मोह वेचणाऱ्या माणसाच्या डोक्यावरील फांदीवर दिवसाढवळ्या बसणारे घुबड त्याच्या लेखी हरवलेले कसे असेल? फक्त त्याला कोणी विचारले नाही. ज्ञान हरवले ते कपाटात आणि ग्रंथात. रानात ते जागच्या जागी होते.

पुढली हकीकत थोडक्यात सांगतो. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने, जिची स्थापना १८८३ सालची, १९९८ पासून या पक्ष्याचा पद्धतशीर अभ्यास हाती घेतला. तोरणमाळ, यावल, मेळघाट आणि पलीकडे मध्य प्रदेशातील खंडवा-बऱ्हाणपूरचा भाग येथे तो सापडत गेला. गुजरातेतील डांग भागातही तो आहे. २०१४ साली तर मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसाच्या अभयारण्यात तो दिसला; म्हणजे महानगराच्या उशाशी! त्याची वीण थंडीत व उन्हाळ्याच्या आरंभी होते, झाडाच्या ढोलीत, बहुधा दोन अंडी. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने त्याचे साध्या पिंगळ्याशी जवळचे नाते निश्चित केले. त्याच वर्षी जागतिक यादीतील त्याची अवस्था ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’वर आली. ही बढती आहे, पण आजारी माणसाला अतिदक्षता विभागातून नेहमीच्या खाटेवर हलवावे, एवढीच. प्रौढ पक्ष्यांची संख्या एक हजाराच्या आतच धरली जाते. एका मोठ्या सभामंडपात जेवढे लोक बसतात, तेवढेही नाहीत.

त्याला धोके कोणते? ढोलीची जुनी झाडे तोडली जातात, रानाचे तुकडे आणखी लहान होतात, वणवे लागतात. आणि एक धोका आपल्या डोक्यात आहे. घुबड अशुभ, घुबडाच्या हाडात आणि नखात जादू, या समजुतीपायी दरसाल घुबडे मारली जातात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने रानपिंगळ्याला सर्वोच्च संरक्षण दिले आहे. पण ज्या समाजाने एका पिंगळ्याला दारी आलेला ज्योतिषी मानले, त्यानेच दुसऱ्याला मृत्यूचा दूत मानून दगड मारावा, याला काय म्हणावे? लक्ष्मीचे वाहन म्हणून पूजाही आपणच करतो!

आता अखेरीस मी वाघोलीला परत येतो. येथून नगर रस्त्याने थोडे पुढे गेले की लोणीकंद लागते. पेशवाई बुडाल्यावर दोन वर्षांनी, १८२० मध्ये, थॉमस कोट्स नावाच्या डॉक्टरने त्या गावाचे बारकाईने वर्णन लिहून मुंबईच्या लिटररी सोसायटीपुढे ठेवले. घरे किती, जाती कोणत्या, पिके कोणती, कर्ज किती, सारे लिहिले. ते १८२३ साली छापले गेले. पुढे डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी त्याच गावाचा पुन्हा अभ्यास केला आणि सव्वाशे वर्षांत काय बदलले हे सांगणारा ग्रंथ १९६० साली प्रसिद्ध केला. घुर्ये यांना लोणीकंद कसे सापडले? कोट्सने गावाचे नाव खरे लिहिले होते म्हणून. रासमुसेनबाईंना रानपिंगळा कसा सापडला? डेव्हिडसनने शहादे खरे लिहिले होते म्हणून. दोघेही परक्या सत्तेचे नोकर होते, त्यांच्या दोषांची यादी करता येईल. पण आपण कोठे उभे आहोत आणि काय पाहत आहोत, हे त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले, आणि ती एक ओळ शतकानंतर कामास आली. उलट कर्नलसाहेबांची कीर्ती, पदके आणि वीस हजार पक्षी, या साऱ्यांपेक्षा त्यांची एक खोटी चिठ्ठी अधिक काळ लक्षात राहील.

वाघोली २०२१ साली पुणे महानगरपालिकेत आली. जेथे खाणी आणि माळ होते, तेथे आज दहा-दहा मजल्यांच्या इमारती आहेत. रानपिंगळा येथे नाही. येथला तो साधा, ठिपकेदार पिंगळा. तो दुर्मिळ नाही, म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नाही. रानपिंगळाही ब्लूइटच्या काळी कोणाला दुर्मिळ वाटला नसेल. माझी विनंती मोठी नाही. आपल्या आळीत अजून एखादा जुना वड किंवा चिंच असेल, तिच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी असेल, तर घरातील मुलाला एक वही द्या. तारीख, वेळ, झाड, गल्ली, एवढे त्याला लिहू द्या. जे दिसले तेवढेच लिहायचे, न दिसलेले लिहायचे नाही, एवढा एकच नियम त्याला सांगा. झाड पडले तर तेही लिहू द्या. ती वही आज कोणाच्या उपयोगाची नाही. पण शंभर वर्षांनी कोणी येथे येऊन विचारील, वाघोलीत पूर्वी काय होते? त्या वेळी त्याच्या हाती खरी चिठ्ठी पडावी, एवढीच इच्छा.